टेसनाकडच्या बाईच्या बांगड्या

कासारणीचा धंदा करता करता माझे हात म्हातारे झाले. आता डोळ्यांना बांगडीच्या मापातला सूतभर फरक दिसत नाही, म्हणून धंदा सुनेच्या हाती दिला आणि मी ओसरीवर लिहीत बसते. लिहायला मला कोणी शिकवलं नाही. मुंबईहून बांगड्या यायच्या त्या जुन्या छापील कागदांत गुंडाळून. ते कागद मी कधी चुलीत घातले नाहीत. अक्षराला अक्षर लावत गेले, अडलं की आमच्या घरधन्यांना विचारत गेले, आणि दोनेक वर्षांत ते कागद माझ्याशी बोलायला लागले. तेव्हा माझ्या लिहिण्यात काही वेडंवाकडं दिसलं तर त्याचा बोल बांगड्यांच्या व्यापाऱ्याला लावा, मला नको.

आज सांगायचं आहे ते एका गिऱ्हाइकाचं. चांगलं नेमाचं गिऱ्हाईक होतं, आणि ते मी आपण होऊन तोडलं.

त्याआधी आमच्या धंद्याची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाई बांगड्या भरायला बसली की तिचा हात आम्ही हातात घेतो, अंगठ्याच्या मुळाशी दाबून दाबून मऊ करतो, मग एकेक बांगडी सरकवतो. हात एकदा मऊ झाला की बाईही मऊ होते. सासूचं, जावेचं, पोटातलं, पाठीवरचं, सगळं बोलते. ते आम्ही ऐकायचं आणि तिथंच सोडायचं. पण एक गोष्ट मात्र पक्की. जिचा नवरा गेला तिच्या हातात बांगडी भरायची नाही. चुकून भरली आणि गावाला कळलं, तर त्या कासारणीला लग्नघरी कोणी उभं करत नाही. नवरीचा हिरवा चुडा भरायला तर नाहीच नाही. आणि चुडे हेच आमचं पोट. सणाला चार बांगड्या भरून काही वर्षाची जोंधळ्याची कणगी भरत नाही. आता सुधारलेली मंडळी या रीतीला नावं ठेवतात. ठेवोत. तेव्हा तसं होतं, आणि मीही तसंच मानत होते, हे लपवून काय करू?

तर ती आली तेव्हा थंडी सरत आली होती. कल्याणात आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती आणि टेसनाकडे नवी नवी बिऱ्हाडं पडली होती. कुणी मास्तर, कुणी कारकून, कुणी मोजणीवाला. कुठल्या गावचे, कुणाचे कोण, काही पत्ता नाही. आमचं घर जुन्या गावात, बाजाराच्या मागे. तिथवर ती चालत आली. असेल वीस-एकवीस वर्षांची. हात इतका बारीक की मुलीच्या मापाची बांगडी दाबल्याशिवाय जावी. आणि हात गार. नुकताच पाण्यातून काढल्यासारखा.

"कुठं राहतेस गं?" मी विचारलं.

"टेसनाकडे. मी आणि आमच्या आत्तेसासूबाई."

"आणि मालक?"

"स्वारी रेल्वेच्या मोजणीवर आहे. खांडव्याच्या पुढे. पावसाळ्याआधी यायचीय."

बांगड्या भरून झाल्यावर तिनं पदर पुढे घेऊन नमस्कार केला, तसा सगळ्याच करतात. पण ती उठली नाही. तशीच बसून राहिली. मी दुसरीचा हात घेतला, तिसरीचा घेतला, ही बसलेलीच. दिवेलागणीच्या आत घरी जा म्हटलं तेव्हा उठली.

आठ दिवसांनी परत आली. उजव्या हातातल्या तीन वाढल्या म्हणाली. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. भरल्या. पुढच्या शुक्रवारी परत. मग दर शुक्रवारी. मग शुक्रवार झाला आणि मंगळवारही झाला. येताना रिकाम्या हाती येत नसे. कधी आंब्याच्या वड्या, कधी मेतकूट, कधी लिंबाचं लोणचं. मी भोळी, मला आनंदच. एवढी शिकल्यासवरल्या घरातली मुलगी माझ्या ओसरीवर बसते, माझ्या मुलीचं डोकं विंचरून देते, मला 'मावशी' म्हणते. शेजारणी बघत असत, त्याचीही मला थोडी ऐट वाटत होती. खोटं कशाला बोलू?

आमच्या सासूबाईंना ते पहिल्यापासून रुचलं नाही. त्या आतून बघत असत. ती गेली की बाहेर येऊन म्हणत, "हिला घर नाही का गं?"

"एकटी असते, सासूबाई. करमत नसेल."

"एकटी बाई गंगेला जाते, देवळात जाते. कासारणीकडे कशाला येते? कायतरी हवंय तिला. तू बघून ठेव."

चैत्रात तिनं मला 'आई' म्हणायला सुरुवात केली. सासूबाई म्हणाल्या, "आज आई झालीस. उद्या बाळंतपणाला येऊन राहील. नवरा कुठाय ते मात्र विचारू नकोस!"

मग तिचं वागणं अंगावर यायला लागलं. दुसऱ्या बायका बांगड्या भरायला बसल्या की ही मध्ये बोलायची. "आई, यांना पिवळ्या नकोत, हिरव्याच दाखवा." नाहीतर, "आई, तुम्ही दमलात, यांना उद्या यायला सांगा." एकदा एक कोळीण आली होती, नाक मुरडून ती म्हणाली, "काय गो बाय, तू कासारीन का ती कासारीन?" सगळ्या हसल्या. ही नाही हसली. तिनं माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून धरलं होतं. मी ते हळूच सोडवून घेतलं.

पावसाळा आला. स्वारी काही आली नाही.

श्रावणात मी ठाण्याकडच्या गावांना जात असे. ठाण्यापर्यंत गाडीनं, मग डोक्यावर टोपली घेऊन बाळकुम, कोलशेत असं पायी. तिकडे शेतकरी आणि मिठागरावरच्या बायका कोपरापर्यंत बांगड्या भरत. एकेका घरी सकाळ जायची. त्या वर्षी बाळकुमला एका आगरी म्हातारीच्या पडवीत मी टोपली उतरवली होती, चार सुनांचे हात व्हायचे होते, आणि बांधावरून चिखल तुडवत कोण येतंय म्हणून पाहिलं तर हीच. नऊवारीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला. कल्याणाहून एकटी गाडीत बसून ठाण्याला उतरली आणि 'माझी कासारीण कुठं गेली' असं विचारत विचारत तिथवर आली.

"अगं, काय झालं? घरी कुणाला काही..."

"काही नाही. दोन वाढल्या. म्हटलं तुम्ही इकडे असाल."

दोन बांगड्यांसाठी! भरल्या आणि तिला परत गाडीवर बसवायला म्हातारीच्या मुलाची बैलगाडी जुंपायला लागली. ती गेल्यावर म्हातारी तंबाखू मळत म्हणाली, "बाय गो, तिचा दादला कोनी बगलाय का?"

"खांडव्याकडे असतो म्हणते."

"म्हनतं ती. तू बगलास का?"

"नाही."

"मंग?" एवढं म्हणून तिनं तंबाखू तोंडात टाकली आणि सुनेला पुढं बसवलं.

तो 'मंग' माझ्या डोक्यात जो शिरला तो निघेना. खरंच, कुणी बघितलाय? परक्या गावाहून आलेलं बिऱ्हाड, घरात अर्धबहिरी आत्तेसासू, ती उंबऱ्याबाहेर पडत नाही. हिच्या कपाळावर कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे. पण ते कुणीही लावेल, कुणीही घालेल. हातात बांगड्या मात्र मी भरलेल्या. म्हणजे ती सवाशीण आहे अशी गावाला साक्ष कुणाची? माझी!

मी तिची परीक्षा बघायची ठरवलं. पुढच्या वेळेला ती आली तेव्हा हात दाबता दाबता म्हटलं, "मालकांचं पत्र येत असेल ना? आणत जा की. मला वाचता येतं. वाचून दाखवीन."

तिचा हात माझ्या हातात घट्ट झाला. "आलंय. घरी राहिलं."

"मग शुक्रवारी आण."

"हो."

शुक्रवारी विसरली. मंगळवारी पेटीची किल्ली सापडत नव्हती. त्यानंतर मी विचारलं नाही आणि तिनं विषय काढला नाही. पत्र नव्हतंच, एवढं मला कळून चुकलं.

आणि मग मी काचा पाहिल्या. वाढलेल्या बांगड्यांच्या काचा वाटेत टाकायच्या नसतात, कुणाच्या पायात जातात, म्हणून बायका त्या आमच्याकडे आणून देत आणि आम्ही एका मडक्यात साठवत असू. ती रुमालात बांधून आणायची आणि मी न बघता ओतून टाकायची. त्या दिवशी रुमाल सोडून पाहिला. आता बांगडी कामात वाढते तेव्हा एका जागी तडकते. दोन तुकडे, फार तर तीन. उखळाला लागते, हंड्याला लागते, ती पुढची एखादी, तीही बहुतेक उजव्या हातातली. या रुमालात दोन्ही हातांच्या होत्या, बऱ्याचशा, आणि ठेचल्यासारखा बारीक चुरा झाला होता. दगडावर ठेवून घातलेला घाव. एखाद्या बाईच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या दगडावर कधी ठेचतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी अशा घरांतून टोपली उचलून मागच्या मागे परतले होते.

सासूबाईंना दाखवल्या. त्यांनी चिमटीत चुरा धरला आणि लगेच सोडला. "हिचा नवरा मेलाय," त्या म्हणाल्या. "घरात म्हातारी हिच्या बांगड्या ठेचते आणि ही तुझ्याकडून नव्या भरून घेते. म्हणून तुझी पाठ सोडत नाही. दुसरी कासारीण चार प्रश्न विचारेल. तू वड्या खातेस."

मी तो चुरा घाईनं मडक्यात ओतला. कारण त्याच महिन्यात मला ठाण्याच्या एका वकिलाच्या घरून निरोप आला होता. त्यांच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात होतं आणि चुडा मी भरायचा होता. नवरीचा, करवल्यांचा, वऱ्हाडातल्या सगळ्या बायकांचा. एवढं मोठं लग्नघर मला आधी कधी मिळालं नव्हतं. तिथं उभी राहिले की ठाण्यातली दहा घरं मिळतील अशी माझी आशा. आणि वकिलीणबाईंची थोरली बहीण आमच्याच कल्याणात, आमच्या आळीच्या टोकाला राहत होती. मी एका विधवेचे हात भरतेय हे तिच्या कानी गेलं तर? माझं नाव कायमचं गेलं. त्यानंतर मी कुणाच्या दारात टोपली उतरवणार?

तुम्ही म्हणाल, तिलाच सरळ विचारायचं. आज मीही तेच म्हणते. पण तेव्हा वाटलं, विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर आजवर भरलेल्या बांगड्यांचं काय करू? माहीत नव्हतं असं तरी म्हणता येत होतं.

दिवाळीच्या आधीची गर्दी होती. ओसरीवर दोघी बसल्या होत्या, त्यातली एक नेमकी ती वकिलीणबाईंची बहीण. तिचाच हात माझ्या हातात होता. टेसनाकडची आली, पायरीवर बसली आणि पदरातून हात बाहेर काढले. दोन्ही हात पूर्ण मोकळे. त्याआधी ती निदान एकेक ठेवून येत असे.

वकिलीणबाईंच्या बहिणीनं ते हात बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं.

"आज नाही भरत मी," मी म्हटलं.

"गर्दी आहे ना, बसते मी. सगळ्यांचं होऊ दे."

"बसू नकोस. उद्याही येऊ नकोस. तू दुसरी कासारीण बघ."

ती हसली. तिला थट्टा वाटली. "आई, माझं काही चुकलं का?"

"चुकलं-बिकलं नाही. माझ्याकडून व्हायचं नाही आता."

"निदान एकेक तरी भरा. दिवाळी आहे. मोकळ्या हातानं कशी जाऊ?" असं म्हणून तिनं हात पुढं केले, अगदी माझ्या मांडीपर्यंत.

"आणि मला आई म्हणू नकोस," मी म्हटलं, आणि तोंड फिरवून बहिणीच्या हातात पुढची बांगडी सरकवली.

थोडा वेळ ते हात तिथंच होते. मग तिनं ते पदरात गुंडाळले आणि गेली. वड्यांचा डबा पायरीवरच राहिला.

बहीण हलक्या आवाजात म्हणाली, "का हो कासारीणबाई? काही कळलं वाटतं?"

"मला काय कळायचंय? मी आपली बांगड्या भरते."

हे माझं बोलणं. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. मला वाटलं, मी तोंड शिवून ठेवलं म्हणजे माझ्या अंगाला काही लागलं नाही. पण कासारणीनं एखाद्या बाईचे मोकळे हात गिऱ्हाइकांसमोर परत धाडले, तर आणखी काय बोलायचं राहतं? दोन दिवसांत सगळ्या कल्याणाच्या लेखी ती विधवा झाली. तलावावर तिच्याजवळ कुणी हंडा ठेवेना. गावातल्या दुसऱ्या कासाराकडे ती गेली, तर तो म्हणाला म्हणे, "तुझ्या कासारणीनं का नाही भरल्या ते आधी तिला विचारून ये." दिवाळीत तिच्या दारात ना कुणी फराळाचं ताट पाठवलं, ना कुणी ओवाळायला बोलावलं. हे सगळं मला शेजारणींकडून कळत होतं आणि मी मनाशी म्हणत होते, बघ, खरं नसतं तर तिनं येऊन भांडण केलं नसतं का? गप्प बसली म्हणजे खरंच आहे. सासूबाई तर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारख्या खूश. मीही बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी दारात एक उंच माणूस उभा राहिला. उन्हानं रापलेला, वाढलेली दाढी, पायात जाड बूट.

"बांगड्या भरतात त्या बाई इथंच का?"

"हो. कुणाच्या घरून आलात?"

"मी मोजणीवाला. खांडव्याकडे असतो. मी मेलो असं कळलं, म्हणून बघायला आलो."

सासूबाई आतून बाहेर आल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. मी हातातली टोपली खाली ठेवली.

तो रागावला नव्हता, हे मला जास्त भयंकर वाटलं. तो म्हणाला, "आमच्या आत्याला धड ऐकू येत नाही. तिला शेजारच्या बायका खुणेनं सांगून गेल्या. तिनं आठ दिवस रडून काढले. काल मी दारात उभा राहिलो तर ती किंचाळून आत पळाली. भूत समजली. बायको मात्र काही बोलत नाही. नुसते हात दाखवते."

"पत्र नाही, काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "माणसानं समजायचं तरी काय?"

"जंगलात डाक पोचत नाही हो. आणि मीही आळशी. ती माझी चूक, तिची नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही या आणि तिच्या बांगड्या भरा. ज्यांच्यासमोर नाही म्हणालात त्यांच्यासमोर. एवढंच."

तो गेल्यावर सासूबाई काय म्हणाल्या माहीत आहे? "हाच नवरा कशावरून? कुणालाही उभा केला असेल." आणि तुम्हाला खरं सांगते, एक घटकाभर मलाही तसंच वाटलं. मी शेजारणीकडून माग काढला. आत्तेसासूसारखंच पुढं आलेलं कपाळ, तिच्यासारखेच कान. टेसनावरच्या मास्तरानं त्याला नावानं हाक मारली होती. म्हणजे तोच.

तरी मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाऊ, असं करत दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी ठाण्याहून वकिलांचा गडी आला. लग्नाच्या चुड्याचं काम दुसऱ्या कासारणीला सांगायचं घाटतंय, असा निरोप. "बाईसाहेब म्हणाल्या, नवरा जिता असताना सवाशिणीला मोकळ्या हातानं परत धाडणारा हात आमच्या नवरीला नको."

मग गेले. त्या मुलीची दया आली म्हणून गेले असं लिहायला बरं वाटलं असतं. मी चुड्यासाठी गेले.

तिच्या ओसरीवर आठ-दहा बायका आधीच जमल्या होत्या, नवऱ्यानंच बोलावणं धाडलं होतं. वकिलीणबाईंची बहीण पुढंच बसली होती. ती मुलगी पाटावर बसली आणि हात पुढं केले. माझ्याकडे बघितलं नाही. मी हात घेतला. इतक्या वेळा धरलेला तो हात, पण मऊ होईना. लाकूड दाबावं तसं. पहिल्या चार कशाबशा गेल्या. पाचवी बोटांच्या मुळाशी अडली आणि माझ्या हातात कडकन तडकली.

कासारणीच्या हातून भरताना बांगडी वाढणं हे काही चांगलं नव्हे, तेही अशा वेळेला. बहीण लगेच म्हणाली, "बघा. मी म्हणत नव्हते, हाताला गुण नाही म्हणून?"

ठाण्याचं लग्न गेलं, आणि कल्याणही गेलं, असं मी धरून चालले.

तेव्हा ती मुलगी बोलली. "त्यांच्या हाताला काही झालं नाही. मीच हात आखडला." मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "आणि त्या दिवशीचंही सांगते. यांनी मला परत धाडलं नाही. माझा नवस होता, त्याच आठवड्यात बोललेला. स्वारी दारात येईपर्यंत बांगडी घालायची नाही, असा."

"असला कसला गं नवस?" एकीनं विचारलं.

"आमच्याकडे असतो."

बहीण काही कमी नव्हती. "पण तू तर मागत होतीस. एकेक तरी भरा म्हणालीस. मी तिथंच होते."

"सणाचे दिवस, राहवलं नाही म्हणून मागितल्या, त्या दुसऱ्या कासाराकडेही गेले. यांनी भरल्या असत्या तर नवस मोडला असता. कुणाला सांगू नका म्हणून मीच यांना गळ घातली होती. म्हणून यांनी बोलणी खाल्ली, पण बोलल्या नाहीत."

मी खाली मान घालून काचा गोळा करत होते. वर बघायची हिंमत नव्हती. बायकांमध्ये कुजबूज झाली, आणि बहीण म्हणाली, "मग आधी सांगायचं की हो कासारीणबाई! आम्ही काय परक्या?"

उरलेल्या बांगड्या सरळ गेल्या. तिनं रीतीप्रमाणे नमस्कार केला. बायका हळदीकुंकू घेऊन निघाल्या, मी टोपली बांधायच्या निमित्तानं मागं राहिले.

"खरं सांग," मी म्हटलं, "त्या काचांचा चुरा कसा व्हायचा?"

"पाट्यावर ठेवून वरवंट्यानं करायची."

"अगं पण का?"

"बांगड्या भरून झाल्या की तुम्ही म्हणायचात, हं, नीघ आता, दुसऱ्या आल्यात. बांगड्या हातात असताना तुमच्याकडे काय सांगून येऊ? आत्यांना ऐकू येत नाही. दिवसभरात माझ्याशी बोलणाऱ्या तुम्ही एकट्या."

मी टोपलीची गाठ मारली. "आणि पत्र?"

"पाच महिने एकही आलं नव्हतं. ते तुम्हाला कसं सांगू? तुम्ही काचा बघितल्यात. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं." मग पदर सारखा करत म्हणाली, "आता मी यायची नाही."

'असं करू नकोस, येत जा' म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण निघालं ते "बरं." आणि टोपली उचलून मी घरी आले.

ठाण्याचा चुडा मलाच मिळाला. नवरीचे हात मी भरले, करवल्यांचे भरले, पुढं ठाण्यातली घरंही मिळाली. पण ते सगळं होत असताना मला स्वस्थता नव्हती. सासूबाई रोज म्हणायच्या, "फुकट कुणी खोटं बोलत नसतं. येईल बघ एक दिवस आणि मागेल." मलाही तेच वाटत होतं. एवढ्या बायकांसमोर तिनं माझ्यासाठी खोटा नवस उभा केला तो काय उगाच? काय मागेल? परत ओसरीवर बसून राहील? माझ्या मुलीला चार दिवस घरी न्यायला मागेल? मी उत्तरं तयार करून ठेवली होती.

संक्रांतीनंतर तिला आणि म्हातारीला घेऊन तो मोजणीवाला खांडव्याकडे निघून गेला. मला ते दोन दिवसांनी, दूधवालीकडून कळलं. जाताना ती आमच्या आळीत आली नव्हती. दुसऱ्या कासाराकडून तिनं बांगड्या भरून घेतल्या होत्या, बाराच्या बारा नव्या, असं दूधवाली म्हणाली.

"गेली ना? सुटलीस," सासूबाई म्हणाल्या.

मी हो म्हटलं. पण त्यानंतरही कितीतरी दिवस, कुणी अनोळखी बाई पायरीवर येऊन बसली की माझ्या मनात यायचं, हिला तिनंच धाडलं असेल, राहिलेलं मागायला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसायची. बाई आपली बांगड्या भरून घ्यायची, नमस्कार करायची आणि निघून जायची.